अक्षर न् अक्षर

तिने फरशीवर दोनदा पाय आपटला. शिलाई मशीनशी पाठमोरा बसलेला नवरा वळला. ऐकू न येणाऱ्या माणसाला ‘अहो’ म्हणून काही उपयोग नाही, हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तेव्हापासून ती फरशीवरूनच हाक मारत आली होती.

“सुरू झालं,” तिने हातांनी सांगितलं.

टीव्हीवर सभागृह खच्चून भरलं होतं. खालच्या कोपऱ्यात, वाटीएवढ्या गोलात, त्यांची लेक उभी होती. सभागृहात जे बोललं जाईल ते ती हातांनी सांगायची. वीस मिनिटं ती, मग वीस मिनिटं तिचा सहकारी. नवऱ्याने खुर्ची पुढे ओढली. लेक गोलात असली की वर बोलणाऱ्या मोठमोठ्या तोंडांकडे तो ढुंकूनही बघत नसे.

“डाव्या खांद्याला झोळ आलाय,” त्याने खूण केली.

“लेकीकडे बघा, कोटाकडे नको.”

तो गडद निळा कोट त्यानेच शिवला होता, आणि त्यानंतर काहीच शिवलं नव्हतं. पायडल मारलं की धाप लागायची. हृदयाची एक झडप कामातून गेली होती आणि थंडीच्या आत ती बदलायलाच हवी, असं डॉक्टर म्हणाले होते. तीन विमा कंपन्यांकडे अर्ज करून झाले. तिन्हींनी एकच पाढा वाचला: आजार आधीपासूनचा आहे. म्हणजे आजारी माणूस सोडून बाकी सगळ्यांचा विमा काढायला त्या एका पायावर तयार! आता सरकारच स्वतःचा विमा आणणार होतं आणि त्यात कुणालाही नकार द्यायचा नाही, असं कलम होतं. आज त्यावर मतदान. विधेयक मंजूर झालं तर ऑपरेशन. नाही तर... त्याच्या पुढे घरात कुणी जात नव्हतं.

मशीनवर कापड चढत नसलं तरी दर रविवारी तो तेल मात्र नेमाने घालायचा. “वापरत तर नाही, मग कशाला?” तिने एकदा विचारलं होतं. “वापरात नसलं की जास्त गंजतं,” तो म्हणाला होता.

भाषणं सुरू झाली. तिला आवाजही कळायचा आणि हातही, त्यामुळे प्रत्येक भाषण दोनदा सोसावं लागायचं. वीस मिनिटांनी सहकारी गोलात आला, तसा नवरा सैल झाला आणि पडद्यावर बोलणाऱ्यांच्या ओठांवरून शब्द ओळखायचा खेळ खेळू लागला. शिलाईच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांमुळे त्याला मोजके शब्द ओठांवर ओळखू यायचे: बाही, कॉलर, मशीन आणि सगळ्यात जास्त, उद्या.

“मंत्री तीनदा उद्या म्हणाले,” तो खूण करून हसला. “आपल्यातलेच दिसतात.”

ती हसली.

लेक पुन्हा गोलात आली. चेहरा कोरा, हात स्वच्छ. हे वळण तिला बापानेच लावलं होतं. ती सात वर्षांची असताना एक गिऱ्हाईक दुकानात येऊन त्याला वाट्टेल ते बोललं आणि पोरीने हातांनी सांगितलं, ‘काका म्हणतात, कपडे छान झालेत.’ त्या माणसाचा लालबुंद चेहरा बघून त्याने ओळखलं. पोरीला कट्ट्यावर बसवून तो म्हणाला होता, “तू माझे कान आहेस, माझी आई नाहीस. जे असेल ते अक्षर न् अक्षर सांगायचं.” पोरीने ते जन्माचं मनावर घेतलं.

विरोधी बाकावरचा एक जाडजूड सदस्य उठला. समोरचा माइक त्याने सरळ केला.

“अध्यक्ष महाराज, दया मलाही येते. पण साठी उलटलेल्या, गंजलेल्या मशीनला जनतेच्या पैशाने कुठवर तेल घालत बसायचं?”

सभागृहात हशा पिकला. बाकं वाजली. दाद मिळाली म्हणून त्याने तेच वाक्य सावकाश, एकेक शब्द चघळत पुन्हा म्हटलं.

गोलातले हात क्षणभर थांबले. मग हात उठले: खर्च कुठून येणार, असं सदस्य विचारतात. हशाची खूणही लेकीने केली नाही.

पोर कामावर पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि तेही सगळ्या देशासमोर. आईला तिच्यासाठी भीती वाटली आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. तिने हळूच नवऱ्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यातल्या गोलाकडेच बघत होता. सुटले बाई, ती मनात म्हणाली.

मतदान झालं. अध्यक्षांनी आकडे वाचले. विधेयक आठ मतांनी पडलं. हे मात्र लेकीने जसंच्या तसं सांगितलं. बाजूने इतके, विरोधात इतके, नामंजूर. आकडे सांगताना तिची बोटं जरासुद्धा अडखळली नाहीत. सभागृह रिकामं होऊ लागलं आणि गोल विझला.

“पडलं,” नवऱ्याने खूण केली. टीव्ही बंद करून म्हणाला, “चहा टाक. ती येईल दमून.”

दिवेलागणीला लेक आली. कोट न काढताच त्याच्यासमोर उभी राहिली.

“बाबा, बघितलंत?” तिने हातांनी विचारलं.

“सगळं.”

“कसं झालं?”

तिच्या डाव्या खांद्यावरचा झोळ त्याने हाताने नीट बसवला.

“अक्षर न् अक्षर बरोबर,” तो म्हणाला.

लेकीने मान हलवली आणि स्वयंपाकघरात आली. त्याच्याकडे पाठ करून ओट्याला टेकली. तोंडाने म्हणाली, “आई, एक वाक्य मी गिळलं गं. माझ्याने होईना. बाबांना कळलं नाही ना?”

“नाही गं. तुझ्याकडेच बघत होते.”

“शप्पथ?”

“अगं, शप्पथ.”

बाहेरच्या खोलीतून टक्, टक् असा बारीक आवाज आला. तेलाच्या डबीचा तळ दाबला की तसा यायचा. दोघींनी दारातून पाहिलं. मशीनवर झाकलेलं फडकं बाजूला सारून तो वाकला होता. प्रत्येक छिद्रात एकेक थेंब सोडत होता आणि हाताने चाक सावकाश फिरवत होता. मध्येच थांबून दम घेत होता, पुन्हा डबी दाबत होता.

“आई, आज गुरुवार ना?”

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

लेक बाहेर गेली. त्याच्या पाठीमागे उभी राहिली. हाक मारायला तिने पाय उचलला, आणि आवाज होऊ न देता तो परत खाली ठेवला.