वाटीएवढा सूर्य

अशी कल्पना कर, की अंबरनाथ पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आपण उभे आहोत, आणि समोर एक मुलगी कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्टीलची वाटी पालथी धरते आहे. एक डोळा मिटलेला, जीभ किंचित बाहेर. पडद्यावर पिवळा सूर्य आहे. वाटीच्या वर आणि खाली तो अगदी काठाला लागतो, पण डाव्या-उजव्या बाजूने मात्र बाहेर डोकावतो.

“शीला, तुझी पोरगी टीव्हीला वाटी लावतेय गं,” दारातून आत येत शंकरआजोबा म्हणाले.

“टीव्ही नाही आजोबा, मॉनिटर.”

“आमटीची वाटी आहे ती!” आईचा आवाज स्वयंपाकघरातून आला. “न घासता परत ठेवलीस तर बघ, मनाली.”

मनालीने वाटी खाली ठेवली. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला ग्रहमालेचं चित्र करायचं होतं. आदल्या दिवशी तिने डोळ्यांना गोल दिसेल असा सूर्य काढला आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला, तर कागदावर उभं अंडं निघालं. “ऑम्लेट कधी करणार?” असं सनी भर वर्गात म्हणाला होता. म्हणून आज तिने कॉम्प्युटरलाच नेमकं वर्तुळ काढायला सांगितलं, आणि ते आडवं पसरलं. प्रदर्शन उद्यावर आलं होतं. पुन्हा अंडं घेऊन गेलं, तर वर्षभर तेच नाव पडणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिने आईच्या मोबाईलवरून जितेशकाकांना फोन लावला. बाबांनी हा मॉनिटर त्यांच्याच दुकानातून, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आणला होता.

“काका, माझा सूर्य जाडा झालाय.”

“अरे बेटा, सूर्य नाय, सेटिंग!” जितेशकाका हसले. “तुमचा पुराना डब्बा चौकोनी होता ना? हा लंबा आहे. पडदा बदलला, रिझोल्युशन तेच ठेवलं. सेटिंगमध्ये आकड्यांची यादी आहे ना, त्यात बघ, एका आकड्यासमोर रेकमेंडेड लिहिलंय. तोच घ्यायचा, दुसरा नाय. आणि आजोबांना विचार, सालभर सगळे जाडे दिसत होते तर कोणी बोललं कसं नाय?”

हे नेमकं काय झालं होतं, ते पंगतीवरून कळेल. पडद्यावर बारीक बारीक ठिपक्यांच्या जागा असतात, पाट मांडावेत तशा. कारखान्यात बसवल्या असतील तेवढ्याच, त्यात कमी-जास्त होत नाही. या पडद्यावर पाट भरपूर, पण आमंत्रण गेलं होतं जुन्या, लहान पंगतीच्या हिशेबाने. एकही पाट रिकामा ठेवायचा नाही, म्हणून जो तो पसरून बसला. आडव्या रांगेत पाट फारच जास्त, म्हणून आडवं पसरणंही जास्त. जितके पाट तितकी माणसं बोलावली, की कुणालाच फतकल मारावी लागत नाही. योग्य रिझोल्युशन म्हणजे एवढंच.

तो जुना डब्बा शालनआजीचा लाडका होता. त्याच्यावर तिने स्वतः विणलेला रुमाल असायचा, आणि दुपारी सगळे झोपले की ती त्याच्यावर पत्त्यांचा डाव लावायची. हरली की म्हणायची, “मशीन लबाड आहे मेलं.” आजी गेली आणि त्याच महिन्यात तोही बंद पडला. रुंद पडद्यावर रुमाल काही बसेना.

“तुमची वेळ झाली का?” मनालीने विचारलं.

दुपारच्या चहानंतर आजोबा इथे बसून आजीचा एक फोटो बघत. मोबाईलवर ती फार बारकी दिसते, असं त्यांचं म्हणणं.

“तुझं कर आधी. फोटो कुठं पळून जातोय?”

“फोटो उघडा ठेवूनच करते. मग तुम्हाला पण आजी नीट दिसेल.”

“नीटच दिसते की,” आजोबा खुर्ची ओढत म्हणाले.

मनालीने फोटो उघडला. कुळगावला, बहिणीच्या अंगणात आजी बसली होती, शेजारी पाण्याचा हंडा. शेवटचा महिना ती तिथेच होती. आजोबांचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये, जिना उतरून तिला भेटायला जाणं त्यांना जमलं नव्हतं.

“तुझा बाप नको म्हणत होता, मने. एवढ्या आजारपणात कुठं हलवता म्हणून भांडला माझ्याशी. मी म्हटलं, जाऊ दे, बहिणीच्या हातचे चार घास जास्त खाईल.” त्यांनी पडद्याकडे मान हलवली. “आणि बघ. गाल भरले होते तिचे. चूक नव्हती केली मी.”

मनालीने यादी उघडली, जितेशकाकांनी सांगितलेला आकडा शोधला आणि दाबला.

पडदा क्षणभर काळा झाला. मग उजळला.

“बघा, बघा! हंडा!” ती ओरडली. इतके दिवस घमेल्यासारखा दिसणारा हंडा आता खरोखर हंडा झाला होता. कडा कशा धारदार, अंगणातला खडान्‌खडा मोजून घ्यावा असा.

 आजोबांचं बोट पडद्याकडे गेलं आणि काचेच्या अलीकडेच थांबलं. आजीचे गाल आत गेले होते. पदराखालून खांद्याचं हाड वर आलं होतं. ती हसत होती, पण त्या हसण्याला चेहरा पुरत नव्हता.

“दुसरा फोटो लागला का गं?” त्यांनी हळूच विचारलं.



आजोबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. एक काच पुसून झाली, दुसरी झाली, पुन्हा पहिली घेतली.

पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट आली होती. असा बदल केला, की कॉम्प्युटर एकदा विचारून घेतो, हे ठेवायचं की पहिल्यासारखं करायचं? आणि कुणीच उत्तर दिलं नाही, तर तो थोडा वेळ आकडे उलटे मोजतो आणि आपला आपण पहिल्यासारखा होतो. मनालीचा बाण ‘ठेवा’वर होता. आकडे उतरत होते.

“झालं का गं नीट?” आईने आतून विचारलं.

मनालीने माऊसवरचा हात उचलला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली.