नोंद कुणी केली

कंट्रोल रूममधल्या आपल्या पडद्यावर राकेशने यादीतून ‘हरवलेली व्यक्ती’ हे कारण निवडलं आणि बायकोचा फोटो चढवला. शहराच्या कॅमेऱ्यांत कुणाचा चेहरा शोधायचा तर ऑपरेटरला कारण द्यावं लागतं. ‘संशयित’ लिहिलं तर साहेबांची सही लागते, हरवलेल्या माणसाला लागत नाही. नातं, पती. फोन, स्वतःचाच. पोटात आग असली की माणूस असल्या गोष्टींचा पुढचा विचार करत नाही.

आग जुनीच होती. दर्शना माजिवड्याच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची, चारला सुटायची, आणि दर गुरुवारी डोंबिवलीच्या घरी दीड तास उशिरा यायची. विचारलं की म्हणायची, काम होतं. त्याने तिचा फोन दोनदा तपासला होता, लॅबसमोर लपून उभाही राहिला होता. तिला ते कळलं होतं आणि तरी ती भांडली नाही. ते न भांडणंच त्याच्या जिवाला लागलं होतं.

आजही गुरुवार होता. सात मिनिटांत ती सापडली. सर्व्हिस रोड, खांब चौदा. एका निळ्या शर्टवाल्याशी बोलत होती, आणि चक्क हसत होती. घरात ती अशी कधी हसली होती, ते राकेशला आठवेना. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने चित्र मोठं केलं. निळा शर्ट गाडीत बाजूच्या सीटवर बसला आणि दर्शना स्टीअरिंगवर. दारावर ड्रायव्हिंग स्कूलचं नाव होतं.

राकेश खुर्चीत सैलावला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ पुन्हा जळफळाट झाला, की गाडी शिकायचीय हे तिने त्या परक्या माणसाला सांगितलं आणि मला नाही. तो घाईने नोंद पुसायला गेला. पण चेहरा जुळला की नोंद थेट जवळच्या पोलीस चौकीला जाते, आणि मग ऑपरेटरला ती मागे घेता येत नाही. नव्याने भरती झालेल्यांना हे शिकवायचं काम त्याच्याकडेच होतं.

पडद्यावर एक महिला शिपाई गाडीपाशी थांबली. दर्शना खाली उतरली. शिपायाच्या मोबाईलवरचा फोटो तिने बराच वेळ पाहिला, काहीतरी विचारलं, आणि मग मान वर करून खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

थोड्या वेळाने राकेशचा फोन वाजला.

“करिश्मा म्हात्रे बोलतेय, चौकीवरून. तुमच्या मिसेस सापडल्या. सुखरूप आहेत.”

“मॅडम, गैरसमज झाला जरा. मी येतो ना तिला न्यायला.”

“येऊ नका. सज्ञान आहेत त्या. अशा वेळी आम्हाला विचारावं लागतं, घरी जायचंय का. मी विचारलं.”

राकेशने पडद्याकडे पाहिलं. खांब चौदाखाली आता नुसती रहदारी होती.

“नाही म्हणाल्या. कुठे राहणार ते नवऱ्याला कळवायचं नाही, असा जबाब दिलाय, सहीसकट. रडल्या वगैरे नाहीत हां. फक्त म्हणाल्या, असं कुणी विचारलंच नव्हतं.”