ती माझं वाहन नाही

देवाला किळस येते का हो? येते. मला आली, म्हणून सांगतोय.

मी एंगस, आयर्लंडकडचा जुना देव. ओहायोतल्या डब्लिन गावच्या आयरिश जत्रेत एका बाईने मला लाकडात कोरलं, शेजारी एक हंसीण कोरली. चौदा वर्षांच्या रेणूने मला घरी आणलं. फार पूर्वी स्वप्नात दिसलेल्या मुलीला शोधत मी देशोदेशी हिंडलो. ती तळ्यावर हंसीण होऊन सापडली, तेव्हा मीही हंस झालो आणि तिच्यासोबत उडालो. म्हणून मी स्वप्नांचा आणि प्रवासाचा देव.

रेणूच्या शेल्फवर माझं बरं चाललं होतं. मग आपल्या मुलाकडे अमेरिकेत राहायला आलेले प्रल्हादकाका सत्यनारायणाला रेणूच्या घरी आले.

"हंस वाहन! अहो शैलेंद्र, हा तर आपलाच. स्वप्नेश्वर!" काका रेणूच्या बाबांना म्हणाले.

"काका, दॅट्स नॉट हिज राइड," रेणू म्हणाली. "दॅट्स हिज गर्लफ्रेंड."

"देवाला कसली गर्लफ्रेंड गं?"

सगळे हसले. माझ्या प्रियेची स्कूटर झाली.

मग दर शनिवारी माणसं येऊ लागली. कुणाला स्वप्नात साप दिसे, कुणाला ग्रीन कार्ड. काका अर्थ सांगत. हंसिणीच्या चोचीला पेढा फासत. माझ्या अंगावर कुंकवाचा चिखल, खवट तुपाचा वास. एकाने व्हिसाचा अर्ज माझ्या पायांना घासला. शिसारी आली, पण सोसलं.

उन्हाळ्यात नागपूरहून फोन आला. रेणूची आई सीमा, तिची आई हॉस्पिटलात होती, आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. सीमाला निघायचं होतं. शैलेंद्र म्हणाला, "तिकडे व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं, परत येता आलं नाही तर? जॉब जाईल तुझा." शेवटी ठरलं, स्वप्नेश्वराला कौल लावायचा. माझ्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर नको.

सीमा हात धुवायला गेली. शैलेंद्र हळूच म्हणाला, "काका, जरा बघा ना. नको आलं पाहिजे."

काकांनी उजवी पाकळी मधात बुडवून चिकटवली. खांदा माझाच, मला कळणार नाही?

डावी पडली.

"देव नको म्हणतोय, सीमा."

प्रवासाच्या देवाच्या तोंडी 'जाऊ नको'! इतकी किळस मला त्या खवट तुपाचीही आली नव्हती. बाबांनो, भीती वाटते तर 'मला भीती वाटते' असं म्हणा. तुमचं भ्यालेलं बोलणं माझ्या तोंडात कोंबू नका.

सीमाने मला पुसायला घेतलं. बोटं चिकटली. तिने वास घेतला.

"काका, देवाच्या खांद्याला मध कसा?"

काकांनी पाणी मागितलं. शैलेंद्र लॅपटॉप उघडून तिकिटं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीमा नागपूरला निघाली. विमानतळावर तिला शैलेंद्रनेच सोडलं.