वास्त्याशिवाय

अमेरिकेच्या नौदल अकॅडमीच्या अर्जासाठी नामांकन लागतं, हे देवयानीनं जेवताना सांगितलं, तेव्हा अजयच्या हातातला घास तसाच राहिला.

"म्हणजे वास्ता लागतो," तो म्हणाला.

वास्ता म्हणजे वशिला. कुवेतमध्ये सहा वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचलंही नसतं. त्याआधी तो, बायको मेधा आणि मुलगी देवयानी असे तिघं टेक्सासात होते, अमेरिकेचे नागरिकही झाले होते. मग अजयला इथल्या बँकेत नोकरी मिळाली आणि मेधा एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. सतरा वर्षांच्या देवयानीला मात्र अमेरिकेच्या नौदलातच जायचं होतं. त्यासाठी ती रोज उजाडायच्या आत सालमियाच्या किनाऱ्यावर पळत होती.

अजयनं ऑफिसातल्या अशरफला गाठलं. अशरफच्या ओळखीत एक निवृत्त अमेरिकन नौदल अधिकारी निघाला. अजयनं त्याला दस्मानजवळच्या हॉटेलात जेवायला बोलावलं. मेधाबरोबर देवयानी नाखुशीनंच आली.

"आपली एखाद्या सिनेटरशी ओळख असेल तर..." अजयनं सुरुवात केली.

त्या गृहस्थानं ऐकून घेतलं आणि देवयानीकडे वळून विचारलं, "तुझे आईवडील मतदान कुठून करतात?"

"टेक्सासातल्या जुन्या पत्त्यावरून."

"मग तुला चार दारं आहेत. तिथले दोन सिनेटर, त्या मतदारसंघाचा प्रतिनिधी आणि उपराष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्षांचं नामांकन सैन्यात नोकरी केलेल्यांच्या मुलांना असतं, ते सोड. चारही ठिकाणी अर्ज कर. ओळख कुणी विचारत नाही. तुझा अभ्यास बघतात, मुलाखत घेतात. आणि नामांकन मिळालं म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. शेवटी निवड अकॅडमीच करते."

एरवी देवयानी घरात इंग्रजीच बोलायची. परतताना गाडीत मात्र मराठीत म्हणाली, "बाबा, मला आधी विचारायचंस ना. मला कुणाच्या ओळखीनं नाही जायचंय."

"आपलं तिथं आता कोणी नाही. तू मागे पडशील असं वाटलं गं," अजय म्हणाला.

"ती नाही पडत मागे," मेधा म्हणाली. "उद्या तिच्याबरोबर पळून बघ."

दुसऱ्या दिवशी तो खरंच गेला. पहिल्याच वळणावर दम लागून बाकावर बसला आणि लेकीची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

एका सिनेटरच्या कार्यालयानं मुलाखतीलाच बोलावलं नाही. दुसऱ्या सिनेटरकडची मुलाखत झाली, पण नामांकन मिळालं नाही. उपराष्ट्राध्यक्षांकडूनही नकारच आला. प्रतिनिधीच्या समितीनं व्हिडिओवर मुलाखत ठेवली. तिकडची सकाळ, इकडची संध्याकाळ. मेधानं कुकर लावला नाही. दोघं स्वयंपाकघरात चोरासारखे उभे होते.

"इतकी वर्षं बाहेर राहून या देशाची सेवा का करायची आहे?" कोणीतरी विचारलं.

"आमच्या इमारतीत कुठकुठल्या देशांची माणसं आहेत," देवयानीचा आवाज आला. "लिफ्ट बंद पडली की सगळे मिळून चालता न येणाऱ्या तबस्सुम आंटींना खुर्चीसकट वर नेतात. कोण कुठला, हे तेव्हा कुणी बघत नाही. जहाजावर असंच राहावं लागत असणार. ते मला जमेल."

अजयनं मेधाकडे पाहिलं. तिच्या मनातलं हे दोघांनाही नवीन होतं.

डिसेंबरात प्रतिनिधीचं नामांकन मिळालं. "झालं ना मग?" अजयनं विचारलं. "अजून नाही, बाबा," ती म्हणाली आणि पळायला गेली. मार्चमध्ये अकॅडमीत प्रवेशही मिळाला.

त्या शुक्रवारी तिनं साताऱ्याच्या लतामावशीला फोन लावला. "मावशी, मला नामांकन मिळालं होतं, आता—"

"अगं बाई, निवडणुकीला उभी राहतेस की काय?"

देवयानी इतकी हसली की तिला बोलताच येईना. शेवटी अजयनं फोन घेतला आणि मावशीला सिनेटरपासून सगळं समजावून सांगायला बसला. मेधा चहा ठेवायला उठली. हे लवकर संपणारं नव्हतं.