बघायला आलेलं औषध

अक्काताई पोवारांचं स्वयंपाकघर संक्रांतीपासून लांब जायला लागलं. आधी मधली वाट जराशी ताणली, मग तिला वळण आलं, आणि शिमग्यापर्यंत तर ओट्याशी कोण उभं आहे ते पुढच्या खोलीतून ओळखू येईना. दोष घराचा नव्हता. अक्काताईंच्या छातीत श्वास पुरेनासा झाला होता, आणि जेवढा श्वास कमी पडे तेवढं घर लांबत जाई. त्यांचा मुलगा रणजित चहा करायला स्कूटरवरून जायचा. परत येईपर्यंत चहा गारढोण. अक्काताई तो चहा पीत आणि म्हणत, "साखर जास्त पडलीय रे."

जीभ शाबूत होती, बघा. आणि साधीसुधी जीभ नव्हे ती. उन्हाळा आला की पेठेतल्या बायका डंकावरून मिरची कांडून आणायच्या आणि अक्काताईंच्या परातीत कांदा-लसणाची चटणी कालवायच्या. अक्काताईंनी बोट लावून "हं" म्हटल्याशिवाय कुणाची बरणी भरायची नाही. वर्षभराचं तिखट असतं ते, चेष्टा आहे का! आणि चटणी चाखायची ती स्वयंपाकघरातच. पुढच्या खोलीत आणली की तिची चव लागत नसे, हे सगळ्या कोल्हापूरला ठाऊक होतं. यंदा बायका मागच्या दाराशी खोळंबल्या होत्या, आणि अक्काताई पुढच्या खोलीत अडकून पडल्या होत्या.

"एक औषध आहे," डॉक्टर निगडीकरबाई म्हणाल्या. "चांगलं आहे. रविवारी तुम्हाला बघायला येईल. पण अक्काताई, ते एकटं येत नाही. त्याची माणसं बरोबर असतात. ती नीट बघून घ्या."

"आणि नकोच म्हटलं तर?"

"तर स्वयंपाकघर पंचगंगेपलीकडे जाईल. मग दिसायचं बंद होईल. त्यानंतर ही खोली लांबायला लागेल."

डॉक्टरबाई कधी गोड बोलून फसवत नसत, म्हणूनच अक्काताईंचा त्यांच्यावर जीव होता.

रविवारी औषध आलं. दिसायला देखणं, पांढराशुभ्र सदरा, खाली मान. त्याच्या मागोमाग त्याचे मामा आले, ते झोप उडवणारे. खोलीत शिरताच कोपऱ्यातलं मांजर टक्क जागं झालं आणि पुन्हा काही झोपलं नाही. मग एक ऐसपैस काकू आल्या. त्यांनी दाराशी काढलेल्या चपलांकडे नुसतं पाहिलं आणि साऱ्या चपला सगळ्यांना घट्ट व्हायला लागल्या. शेवटी एक किडकिडीत आत्या आली. चांगलं इरकल नेसलेली. ती कोपऱ्यात बसली.

बोलणी करायला अक्काताईंचे दीर आनंदराव होते. स्थळं जुळवण्यात यांचा हात धरणारा कुणी नाही, आणि तीच तर सगळी पंचाईत! अहो, मुलगा मिळतोय म्हटल्यावर त्याच्या गोतावळ्याची चौकशी करायची नसते, समोरच्यांचा अपमान होतो, असा यांचा बाणा. त्यांनी औषधाला सगळं विचारलं. कुठलं, किती वर्षं झाली, कुणाकुणाला गुण आला. डॉक्टरबाई मधे म्हणाल्या, "आता या मंडळींची ओळख करून देते..."

"पोहे घ्या, डॉक्टरबाई," आनंदराव म्हणाले.

"त्या आत्या आहेत ना, त्यांचं जरा..."

"चहा घ्या! गार आहे, पण घ्या!" मग ते वाकून कुजबुजले, "वहिनींसमोर कशाला? भितील उगीच."

डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. "त्यांनाच तर सांगायचंय," त्या म्हणाल्या, पण तेवढ्यात औषध उठून मधल्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं होतं. वाट आखडायला लागली. वळण सरळ झालं. ओटा आला, फडताळ आलं, मागचं दार आणि दाराशी बसलेल्या बायका आल्या, लसणाचा वास घरभर झाला. रणजित लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागला. अक्काताईंनी छाती भरून श्वास घेतला, आणि खरं सांगायचं तर त्यांना रडूच आलं.

"होकार!" आनंदरावांनी आरोळी ठोकली आणि अक्काताईंच्या तोंडात साखरेची चिमूट घातली.

साखर दाताखाली कचकचली. नदीतली वाळू जशी. कोपऱ्यातली आत्या ओठ मिटून हळूहळू काहीतरी चघळत होती.

"गोड आहे," आत्या म्हणाली.

अक्काताईंनी पदरानं तोंड पुसलं. "भाऊजी, साखर गोड लागली नाही. होकार तुम्ही दिलात. मी अजून दिलेला नाही."

रणजित आईच्या पायाशी येऊन बसला. "आई, परवा तू वाटेत बसून राहिलीस आणि मला लवकर सापडली नाहीस. किती घाबरलो होतो मी! मला तू हवीस गं. चव गेली तर जाऊ दे."

"कळतंय मला, सोन्या," अक्काताईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "पण त्या परातीशी नुसती जाऊन उभी राहू काय? बघायला आलेत ना सगळे? मग मलाही बघू दे."

आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या. लग्नाआधी याच गावात, त्या नऊवारी सावरत बसलेल्या असताना, लोकांनी त्यांना जे जे विचारलं होतं ते ते त्यांनी आता विचारायला घेतलं.

"मामा, तुमचं काय?"

"मी रात्री झोपू देत नाही," मामा ओशाळून म्हणाले.

"या. मला तरी कुठं झोप येते! काकू, जरा चालून दाखवा."

काकू चालल्या. अक्काताईंची पावलं टम्म फुगली. त्यांनी ती निरखून पाहिली. "या तुम्हीपण. चपला मोठ्या घेऊ." मग त्या कोपऱ्याकडे वळल्या. "आत्याबाई, तुम्ही किती खाता?"

"हा जेवढा येईल तेवढं," आत्या औषधाकडे बोट करून म्हणाली. "हा पुरता आला की मी पुरतं खाते."

"आणि हा अर्धाच आला तर?"

आत्या पहिल्यांदाच गडबडली. आनंदराव किंचाळले, "अहो वहिनी, अर्धा नवरदेव कुणी करतं का!"

"करता येतं," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या. "पण मग स्वयंपाकघर पुरतं जवळ येणार नाही. मधे अंतर राहील, ते तुम्हाला स्वतः चालावं लागेल. दमाल. मी येऊन बघत राहीन. पुन्हा लांबायला लागलं तर हा विचार परत करावा लागेल. कबूल?"

"कबूल," अक्काताई म्हणाल्या. "हा होकार माझा."

औषध मधोमध वेगळं झालं. एक अर्धं सगळ्यांना नमस्कार करून निघून गेलं, दुसरं वाटेच्या तोंडाशी थांबलं. ओटा मागे सरकला, पण नजरेच्या टप्प्यात राहिला. आणि इरकलाच्या बोंग्यातून एक लहानशी पोर बाहेर आली. आत्याच ती, उरलेली.

"तुला गोड देते," अक्काताई तिला म्हणाल्या. "सगळं गोड तुझं. पेढे, पुरणपोळी, आंबा. तिखटाला आणि मिठाला हात लावायचा नाही."

आंबा म्हणताना त्यांचा आवाज कापला. पोरीनं मान डोलावली आणि त्यांचा पदर धरला.

रणजितनं स्कूटर काढली. अक्काताईंनी ती परत लावायला सांगितली. त्या निघाल्या. फुगल्या पावलांनी, अनवाणी, भिंतीला हात लावत. दम लागला की थांबायच्या, आणि थांबल्या की मागून आनंदराव "वहिनी, बसा हो!" म्हणून ओरडायचे, आणि त्या "गप बसा तुम्ही!" म्हणून पुढे निघायच्या. मागच्या दाराशी बायका उठून उभ्या राहिल्या. एकीनं हाळी घातली, मग सगळ्याच ओरडायला लागल्या, "या अक्का! या! आलात की!" अक्काताई हसत होत्या, धापा टाकत होत्या, आणि चालत होत्या.

त्या ओट्याला टेकल्या. परात पुढे आली. लालभडक चटणीत त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. डोळ्यांत पाणी आलं, कानशिलं तापली, नाक वाहायला लागलं.

"मीठ कमी आहे!" अक्काताई अशा गरजल्या की पुढच्या खोलीत डॉक्टरबाईंना ऐकू गेलं. बायकांनी एकच गलका केला.

तेवढ्यात पदराला ओढ बसली. पोर टाचा उंचावून परातीत बघत होती. तिनं तोंड उघडलं.

"थांब," अक्काताई म्हणाल्या. "आधी मी." आणि त्यांनी दुसरं बोट बुडवलं.