बाबांचं जेवण आणि बरणीतली संतती

समुद्र ही अखिल जीवसृष्टीची आई. एकोणऐंशी साली ही आई समुद्रापासून लांब, भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीला आली, तेव्हा ती एस.टी.च्या टपावर तेलाच्या डब्यात बसली होती.

तिला आणणारे सागरबाबा. मूल नसलेल्या प्रत्येक घरी त्यांनी काचेची बरणी दिली. आत खारं पाणी, त्यात राईहून बारीक, उड्या मारणारे कोळंबीचे भाऊबंद. अख्खी आळी बरण्यांना नाकं लावून उभी.

"सागरमाता बोलेगी," बाबा म्हणाले. "बरणीत बाळं झाली, तर कूस भरेल. नाही झाली, तर दोष बाईचा."

माता पुरुषांविषयी काही बोलत नसे.

चार घरच्या बरण्यांत पिल्लांची झुंबड उडाली. कुंताबाईची बरणी तशीच. मग तिच्या ओसरीवर कोणी टेकेना, हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. तिचा नवरा यादोराव मला शाळेत भेटला. मी तिथे विज्ञान शिकवायचो.

"दुसरं लगन करा लागते, गुरुजी. समुद्रच नाही म्हणून राहिला."

"समुद्राला सानगडी कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का?"

"थट्टा नका करू. पुनवेले बोलणी आहे."

मी कुंताबाईला एवढंच विचारलं, बाबा तुमच्याकडे काय जेवले?

"वरणभात जी. होतं तेच वाढलं. बाकीच्यायनं वडाभात केला, पुरणपोळी केली. तिथं बरणीत हिरव्या तीर्थाचे पाच थेंब टाकले. इथं नुसता हात फिरवला."

तिच्या बरणीतलं अर्धं पाणी मी दुसऱ्या बरणीत घालून खोलीवर नेलं आणि बाबांना वडाभाताला बोलावलं. ढेकर देऊन त्यांनी पाच थेंब टाकले. आणखी दोनदा जेवले, आणखी दहा थेंब. दहाव्या दिवशी भिंगातून पाहिलं, तर माद्यांच्या शेपटीशी अंड्यांच्या पिशव्या, भोवती पिल्लं.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात दोन्ही बरण्या मांडल्या.

"एकाच बरणीतले जीव. हे उपाशी, हे जेवलेले. तीर्थ म्हणजे समुद्री शेवाळ, यांचं अन्न. खायला मिळालं की अंडी होतात. बाबांच्या पोटात काय पडलं, त्यावर यांची संतती ठरत होती."

"ये तो माता की लीला," बाबा म्हणाले.

"असेल. पण माझं लग्न झालेलं नाही. मला आता मूल होणार का?"

लोक हसले. बाबा संध्याकाळच्या साकोली गाडीनं गेले.

यादोरावाला म्हणालो, "उपाशी किड्यांवरून बायकोची परीक्षा करू नका. दोघं भंडाऱ्याला डॉक्टरकडे जा. आधी तुम्ही."

त्यानं चपला पायात सरकवल्या. "बरं. बोलणी मोडतो."

मग मी तिची बरणी परत द्यायला गेलो. ओसरीवर ती एकटीच होती. तिनं चहा दिला. तो पिता पिता मी पुन्हा सगळं समजावलं: कोणी काही सांगितलं की विचारायचं, करून पाहायचं, मगच मानायचं.

"समजलं जी," ती म्हणाली. "एक काम करान का?"

"सांगा ना."

"जाताना गल्लीत जरा मोठ्यानं म्हणा, कुंताच्या हातचा चहा चांगला होता."