सत्तावीस नंबरची जर्सी

ढालीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते कर्टिसमुळे. कर्टिस आमच्या आइस हॉकी लीगचा अध्यक्ष, वय छत्तीस. त्याची अशी ठाम समजूत आहे की जगातलं जुनं जे काही आहे ते सगळं माझ्या तळघरात आहे.

"नोरीन, यंदा ढालीचं पन्नासावं वर्ष," तो म्हणाला. "पुस्तिकेसाठी दोनच पानं लिहा. तुमच्याशिवाय कुणाला काय आठवतंय?"

ते खरंच आहे म्हणा. हॅलडेन गावच्या रिंकवर अडतीस वर्षं सामन्याचा तक्ता मी भरला. काचेमागे बसून, पायात दोन-दोन मोजे घालून. कोणी गोल केला, कोण बाहेर बसला, गोल झाला तेव्हा बर्फावर कोण होतं, सगळं माझ्या हातचं. पंचाचा निर्णय लोकांनी शंभरदा चुकीचा ठरवला असेल, माझा आकडा कधी कुणी खोडला नाही. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आता ढालीविषयी. गोल मारणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, आणि मागे उभा राहून अंगावर चकती झेलणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. म्हणून खाणीतल्या चार जणांनी शहात्तर साली मेपलच्या फळीची ढाल केली, वर्षातल्या सर्वांत चांगल्या बचावपटूसाठी. मतं घेतली असती तर चार गावांत डोकी फुटली असती, म्हणून पहिल्या दिवसापासून नियम एकच: हिशोब. तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला की अधिक एक, खाल्ला की उणे एक. एप्रिलमध्ये ज्याची बेरीज मोठी, त्याच्या नावाची पितळी पट्टी ढालीवर. बेरीज करणारी मी.

एक्याऐंशी साली गॉर्ड प्लूर्ड अधिक एकतीस आणि एमिल लाकसोनेन अधिक तीस. दोघं आमच्याच संघाचे, एकाच जोडीत खेळणारे, खाणीतही एकाच पाळीत. ढाल गॉर्डला मिळाली. ऑगस्टमध्ये खाणीत छत खाली आलं आणि गॉर्ड गेला. पुढच्या वर्षापासून ढालीला नाव पडलं गॉर्ड प्लूर्ड ढाल. तेव्हापासून दर एप्रिलच्या मेजवानीत त्याची बायको डेल्फीन ती ढाल जिंकणाऱ्याच्या हातात देते, आणि दरवर्षी तिचे डोळे भरून येतात.

एमिलला ढाल पुढेही कधी मिळाली नाही. गुडघा गेला त्याचा. पण दरवर्षी मेजवानीत तो उठायचा आणि तीच गोष्ट सांगायचा. "नोव्हेंबरात, गॉर्ड बाकावर असताना, माझा पाय घसरला, मी बुडावर आपटलो, आणि गोल बसला. बूड जरा कमी जड असतं तर आज या ढालीवर माझंही नाव असतं." सगळे हसायचे. तो हसायचा नाही, हे मी काचेमागे बसायची सवय असल्यामुळे पाहिलेलं.

तर इतिहास लिहायला म्हणून मी खोके उघडले. एक्याऐंशीच्या शेवटच्या सामन्याचा कागद हातात आला. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "चार नंबरची जर्सी फाटली, आता सत्तावीस."

मग आठवलं. दुसऱ्या डावात मारामारी झाली आणि समोरच्याने एमिलची चार नंबरची जर्सी गळ्यापासून खालपर्यंत फाडली. फाटकी जर्सी घालून खेळता येत नाही, मग व्यवस्थापक पेटीतली जादा जर्सी देतो आणि मला येऊन सांगतो. त्याने सांगितलं, मी लिहिलं. तिसऱ्या डावात आम्ही दोन गोल केले. दोन्ही वेळी कागदावर मी गॉर्डचा नंबर लिहिला आणि शेजारी सत्तावीस.

आणि बेरजेच्या दिवशी एमिलसाठी मी मोजला फक्त चार नंबर. सत्तावीस नंबरचा पोरगा ख्रिसमसलाच संघ सोडून गेला होता, वहीतलं त्याचं पान मी रेघ मारून बंद केलेलं. एमिलचे दोन अधिक कुठेच पडले नाहीत. मी सात वेळा मोजलं. एमिल बत्तीस, गॉर्ड एकतीस.

कागद घेऊन मी तडक कर्टिसकडे गेले. त्याने वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.

"नोरीन, ढालीचं नावच प्लूर्ड आहे हो," तो म्हणाला. "आता मी काय करू? पट्टी उपटू?"

"पुस्तिकेत एक ओळ छाप. चूक माझी, असं माझ्या नावानिशी छाप."

"आणि डेल्फीन पहिल्या रांगेत बसून ती वाचणार?"

मी त्याला दोन-चार शब्द सुनावले, ते त्याला लागू नव्हते, मला होते. मी निघताना तो म्हणाला, "एमिलला तरी सांगा. त्याच्याकडे फार दिवस नाहीत, असं ऐकतो."

गुरुवारी दुपारी मी वृद्धाश्रमात गेले. कागद घडी करून पर्समध्ये. वाटेत वाक्यं पाठ करत होते. ठरवलं होतं, बसायचं आणि सांगून मोकळं व्हायचं.

एमिल खिडकीशी खुर्चीत होता, नाकात प्राणवायूची नळी. खाणीने फुप्फुसं खाल्ली होती त्याची. आणि शेजारी डेल्फीन. मी विसरलेच होते, दर गुरुवारी ती त्याच्यासाठी घरी भाजलेले गोड बटर टार्ट घेऊन येते. गॉर्ड गेल्यावर हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ एमिलनेच उपसला, वीस वर्षं, न सांगता.

"या हिशोबवाल्या बाई," एमिल म्हणाला. "इतिहास लिहिताय म्हणे. माझ्या बुडाचा उल्लेख ठेव."

"ठेवते," मी म्हणाले.

"बस गं, टार्ट घे," डेल्फीन म्हणाली. "सकाळपासून हा नुसता मोजतोय. माझं डोकं उठलंय."

"काय मोजतोस?"

"झोप येत नाही ना, मग ते वर्ष मोजतो," एमिल म्हणाला. बोलताना त्याला मध्ये थांबावं लागत होतं. "सामना सामना घेऊन. सगळे गोल आठवतात मला, गंमत आहे. पण दर वेळी बत्तीस येतात. दोन कुठून उचलतो कोण जाणे. म्हातारचळ, दुसरं काय."

डेल्फीन हसली. "अरे, ही बसलीय ना समोर. हिचा आकडा कधी चुकलाय का? विचार हिलाच. सांग गं याला, किती होते?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. डेल्फीनच्या गळ्यात नेहमीची साखळी होती, एक्याऐंशीच्या ढालीची छोटी पितळी प्रतिकृती अडकवलेली. गॉर्डने दिलेली शेवटची वस्तू. चव्वेचाळीस वर्षांत ती काढलेली मी पाहिली नाही. पर्स माझ्या मांडीवर होती, हात तिच्या चेनवर. शपथेवर सांगते, कागद आतच राहिला तो काही फक्त डेल्फीनसाठी नाही. एमिलने माझ्याकडे कसं पाहिलं असतं, त्याचीही भीती वाटली.

"तीस," मी म्हणाले.

एमिलने मान हलवली. "तीस तर तीस. तुझ्या आकड्यावर मी कधी शंका घेतली का?"

मग आम्ही टार्ट खाल्ले. डेल्फीनने यंदाच्या मेजवानीला कोणता कोट घालणार ते सांगितलं. एमिल खिडकीबाहेर बघत होता, त्याची बोटं खुर्चीच्या हातावर हळूहळू चालली होती, एक एक करून. मी कोट चढवला, निघते म्हणाले. दारापर्यंत पोचले तेव्हा त्याने हाक मारली.

"नोरीन, शेवटच्या सामन्यात माझी जर्सी फाटली होती बघ. मग मला दुसरी दिली. कितव्या नंबरची होती गं ती?"

डेल्फीन त्याच्या अंगावरची शाल सारखी करत होती. माझं बोट अजून पर्सच्या चेनवर होतं.

"आठवत नाही रे," मी म्हणाले.